साप गेल्यावरचं काम

फोन आला की पलीकडचा माणूस आधी सापाची लांबी सांगतो. मग रंग. मग तो फ्रिजमागे आहे की मोरीत, ते. पत्ता मलाच दोनदा विचारावा लागतो. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं, म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं मी मुद्दाम हळू बोलते. "ताई, निघाल्या का तुम्ही?" याला "निघाले" म्हणता म्हणताच पुढचं सांगून घेते. सापापासून दहा फूट लांब थांबा, पण घरातल्या एका मोठ्या माणसाची नजर त्याच्यावरून हलू देऊ नका. लेकरं आणि कुत्रं दुसऱ्या खोलीत न्या. आतलं दार लावून खालच्या फटीत टॉवेल दाबा. काठी, झाडू, रॉकेल, फिनेल, उकळतं पाणी, यातलं काहीही नको. नजर ठेवणारं कोणी असलं की मी पोचल्यावर काम थोड्या वेळाचं असतं. साप नजरेआड झाला की तेच काम रात्रभर चालतं. कपाटं सरकवावी लागतात, गाद्या झटकाव्या लागतात, आणि एवढं करून साप सापडला नाही, तर ते घर पुढचे कित्येक दिवस धड झोपत नाही.

नागपुरात मी सर्पमित्र म्हणून हे काम करते. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात हे. वन विभागाला कळवून आणि त्यांच्या नियमांत राहून करते, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप मारणं हा गुन्हा आहेच, पण पकडून जवळ बाळगणं आणि त्याचे खेळ करणं हाही गुन्हाच आहे. हात बसायला काही वर्षं गेली. पण हे लिहायला बसले ते साप पकडण्याबद्दल सांगायला नव्हे. साप पिशवीत गेला की घरातले खुर्चीवर बसतात, मला चहा विचारतात, शेजारी आपापल्या घरी जातात. सगळ्यांच्या लेखी काम संपलेलं असतं. माझ्या लेखी तेव्हा ते सुरू होतं. तो आला कुठून आणि इथंच का आला, हे त्या घराला दाखवल्याशिवाय मी निघत नाही.

नागपूरचा प्रत्येक ऋतू मला फोनवरून कळतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कूलरचे फोन सुरू होतात. आपल्याकडचा खिडकीबाहेरचा, लोखंडी स्टँडवर ठेवलेला कूलर नीट पाहा. मागची बाजू सांदीतल्या झुडपांकडे, पुढची बाजू थेट झोपायच्या खोलीत. वाळ्याच्या ताट्या दिवसभर ओल्या, खाली टपात पाणी, आसपास पाली आणि बेडूक. बाहेर जमीन तापलेली असताना सापाला इतकी गार जागा दुसरी मिळत नाही. वेल खिडकीला लागून चढवलेली असली की वाटही तयार. अशा फोनला माझं पहिलं वाक्य असतं, "आधी मेन स्विच बंद करा." ओल्या कूलरमध्ये सापाइतकाच धोका विजेचा असतो, आणि घाईत तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिल्या मोठ्या पावसानं बिळांत पाणी शिरतं आणि फोन वाढतात ते थेट दसऱ्यापर्यंत. याच दिवसांत पिल्लं निघतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, आणि तीही एका वेळी २०-३०, कधी त्याहून जास्त. नागाची अंडी पावसाळ्यात फुटतात. वीतभर पिल्लाला लोक गांडूळ समजून कागदावर उचलायला जातात. त्या पिल्लाला विष जन्मापासूनच असतं. हिवाळ्यात फोन कमी होतात, पण त्या दिवसांत घोणस उन्हाला अंगणात येते, कुंड्यांच्या मधे, गट्टूंवर पडून राहते. तिचा आवाज कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक आणि जोराचा असतो. तो ऐकू आला तर जागीच थांबायचं, पाय उचलून पुढे टाकायचा नाही.

फोन कुठून येतात हेही ठरलेलं आहे. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, झिंगाबाई टाकळी, वाडी, हिंगणा रोड. म्हणजे जिथे परवापर्यंत शेत होतं आणि आता लेआउट पडलाय तिथून. आपल्याकडे प्लॉट घेतला की लोक बांधायला घाई करत नाहीत. दोन घरांमधे चार प्लॉट वर्षानुवर्षं रिकामे पडतात. त्यांत गाजरगवत वाढतं, कोणी बांधकामाचा मलबा टाकतं, कोणी उरलेलं अन्न. अन्नावर उंदीर येतात, उंदरांवर धामण आणि नाग. शहराच्या आतही अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स अशी झाडी आहे, आणि नाग नदी, पिवळी नदी आणि त्यांना मिळणारे नाले वस्त्यांमधून वाहतात. साप या काठांनी ये-जा करतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतरच्या दिवसांत लोक चिखल उपसत होते आणि आम्ही सोफ्याखालून, शिलाई मशीनच्या पायडलमधून, भिजलेल्या पुस्तकांच्या ढिगातून साप काढत होतो. बहुतेक पाणदिवडच, चिडकी पण बिनविषारी. ज्यांचं घरदार पाण्यात गेलंय त्यांना "हा विषारी नाही" एवढं सांगता येणं हीसुद्धा त्या दिवसांत मोठी गोष्ट होती.

पावसाळ्यातल्या एका रात्रीबद्दल सांगते. हुडकेश्वरच्या पुढचा लेआउट. घर नवं, बाहेरून प्लास्टर व्हायचं राहिलेलं. आजी, नवरा-बायको आणि दोन लेकरं फरशीवर गाद्या टाकून झोपलेली. गादीच्या कडेला काही सरकल्यासारखं वाटलं म्हणून आजीनं लाइट लावला. शेजाऱ्यानं पाहून सांगितलं, "कवड्या आहे, काही करत नाही, झाडूनं बाहेर लोटा." नशिबानं त्यांनी आधी मला फोटो पाठवला. कवड्याच्या अंगावरचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. या सापाचं उलट होतं. डोक्याकडचा भाग जवळजवळ कोरा, मग जोडीजोडीनं बारीक पांढरे पट्टे, शेपटीपर्यंत स्पष्ट. मी फोनवर एवढंच म्हटलं, "कोणी सापाजवळ जाऊ नका, गादीवरची लेकरं उचलून बाजेवर ठेवा." मण्यार होता.

पकडायला वेळ लागला नाही. हूक, पाइप लावलेली पिशवी आणि थोडा धीर पुरला. त्यानंतर मी सगळ्यांना समोर बसवलं. कोणाच्या पोटात दुखतंय का? गिळायला त्रास होतोय का? डोळ्यांच्या पापण्या जड वाटतात का? मण्यार बहुतेक रात्री, झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, आणि दुखतही नाही. माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, घरचे अपचन समजतात, आणि मोलाचे तास निघून जातात. दोन्ही लेकरांचे हातपाय मी टॉर्चनं पाहिले, पापण्या पाहिल्या, आणि सकाळपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. कोणालाही काही झालेलं नव्हतं.

मग घर पाहायला घेतलं. पुरुष मंडळी मला नेहमी फाटक आणि गच्ची दाखवतात. बायका स्वयंपाकघरात नेतात. तांदळाचं पोतं कुठं कुरतडलं जातं, सिलिंडरमागे रात्री कसली खुडबुड होते, ओट्याखालून उंदीर कोणत्या बाजूला पळतो, हे त्यांना माहीत असतं. बाई असल्याचा या कामात मला सगळ्यात मोठा उपयोग हाच झाला. मला कोणी बैठकीतून परत पाठवत नाही. त्या घरी सुनेनं मोरीकडे बोट दाखवलं. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या पाइपभोवती दोन बोटं जातील एवढी फट होती. बाहेर त्याच भिंतीला टेकून विटांचा ढीग, ढिगात उंदरांची बिळं. म्हणजे उंदराच्या मागावर किंवा पालीच्या वासानं तो आत आला असणार. रात्रीपुरता फटीत चिंध्यांचा बोळा कोंबला, वर वीट लावली. दुसऱ्या दिवशी सिमेंट भरून घ्या, विटा भिंतीपासून लांब न्या आणि आज रात्रीपासून मच्छरदाणी लावून ती गादीखाली चहूबाजूंनी खोचा, असं सांगितलं. नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारालाही अडवते. आजी सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "साप तं दिसते वं माय, भोक कोनाले दिसत नाही."

त्या वाक्यानंतर माझी पाहायची पद्धत जास्त नेमकी झाली. आता प्रत्येक घराभोवती एक फेरी मी घरच्यांना सोबत घेऊनच मारते. दाराखाली बोट जाईल एवढी फट असेल तर रबरी पट्टी. मोरीच्या नहाणी ट्रॅपवर घट्ट जाळी. सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाला आणि खालच्या झरोक्यांना पाव इंची लोखंडी जाळी. चेंबरचं झाकण तुटलेलं असेल तर ते आधी बदलायचं. खिडकीला टेकलेली वेल आणि गच्चीवर आलेली फांदी छाटायची. उन्हाळा संपला की कूलर खिडकीतून काढून रिकामा करायचा आणि ती खिडकी बंद करायची. लाकडं, जुन्या फरश्या, भंगार यांचा ढीग भिंतीला लागून नको. कोंबड्यांचं किंवा कुत्र्याचं खाणं रात्रभर उघडं नको. यात खर्चाचं फारसं काही नाही. पण लोक आधी विचारतात ते सल्फरबद्दल, फिनेलबद्दल, दारात टाकायच्या कसल्याशा गोळ्यांबद्दल. साप पळवून लावणारा भरवशाचा वास मला आजवर भेटलेला नाही. बुजवलेलं भोक मात्र दर पावसाळ्यात काम करतं.

दोन वस्तूंबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचंय. एक, उंदरांसाठीचे चिकट बोर्ड. त्यांवर उंदीर चिकटतो, त्याच्या मागोमाग कवड्या किंवा तस्कराचं पिल्लू येतं आणि अख्खं अंग चिकटून तडफडत राहतं. ओढलं तर कातडी सोलून निघते. आम्ही गोडं तेल बोटानं थोडं थोडं सोडत, शेपटीकडून डोक्याकडे, धीरानं सोडवतो. तोंडाभोवती चिकटलेलं असेल तर तो बहुधा वाचत नाही. दुसरी वस्तू, परसातल्या भाजीला लावलेली नायलॉनची जाळी. धामण तिच्यात शिरते आणि पुढे सरकायच्या धडपडीत धागे अंगात रुततात. ही धामण एकटीच सांदीतले उंदीर कमी करत होती. उंदरांपासून सुटका व्हावी म्हणून लावलेला बोर्ड आणि भाजी वाचावी म्हणून बांधलेली जाळी, दोन्ही आपण उंदरांच्या शत्रूवरच चालवतो. जाळी बांधायचीच असेल तर जमिनीपासून वीतभर वर बांधा. उंदरांसाठी पिंजरा लावा.

घरात येणारे सगळेच साप नसतात. महाल, इतवारी भागातल्या जुन्या वाड्यांतून फोन येतो तो छतावरच्या पावलांचा. रात्री कोणी चालतंय, भांडी वाजतात, घरातल्या मोठ्यांना वेगळीच शंका येते. वर चढून पाहिलं की कवेलूंच्या खाली उदमांजर असतं. फळं आणि उंदीर खाणारं लाजरं जनावर, दिवसभर झोपणारं. त्याला पकडायची गरज बहुतेक वेळा नसते. आत पिल्लं नाहीत याची खात्री करायची, ते रात्री बाहेर पडलं की वाट बुजवायची, बस. पिल्लं असतील तर ती चालती होईपर्यंत घरानं थांबायचं. "आणखी काही दिवस राहू द्या" हे ऐकून लोक नाराज होतील असं मला वाटायचं. पण आई आत आहे, लेकरं आत आहेत, असं सांगितल्यावर क्वचितच कोणी हट्ट धरला. अंगणात घोरपड आली की लोक तिच्या विषाबद्दल ऐकलेलं सांगतात. तिला विषारी समजायचं काही कारण नाही. ती भिंतीवर चढली असेल तर फाटक उघडं ठेवून माणसांनी आत जायचं, ती आपल्या वाटेनं जाते.

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगर परिसरात बिबट्या दिसला, तेव्हा जनावराला वाट मोकळी ठेवायची, हेच अख्ख्या शहरानं थोड्या मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. वन विभागानं कॅमेरे लावून माग ठेवला आणि लोकांना गर्दी करू नका असं पुन्हा पुन्हा सांगितलं. घाबरलेल्या जनावराभोवती जमाव जमला की निघायची वाट बंद होते आणि मगच हल्ले होतात, हे बिबट्याला लागू आहे तसं मोरीतल्या नागालाही. माझ्या कामात मी सर्वांत जास्त ताकद खर्च करते ती मोबाइल वर धरलेले हात मागे सारण्यात.

आणि चावलाच तर? हा भाग मी प्रत्येक घरी सांगते, साप बिनविषारी निघाला तरी. दोरी आवळायची नाही. ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. चावलेला हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे. साप पकडून सोबत न्यायची गरज नसते, लांबून काढलेला फोटो पुरतो. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. उपचार आहेत, माणसं तिथवर वेळेत पोचत नाहीत. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलंय. ते निम्मे मृत्यू टळतील ते मुख्यतः अंधारात टॉर्च घेऊन चालणाऱ्या, जमिनीवर न झोपणाऱ्या, आणि मांत्रिकाकडे न थांबता दवाखान्यात पोचणाऱ्या माणसांमुळे.

पकडलेल्या सापाचं पुढे काय होतं, हा प्रश्न लेकरं नेहमी विचारतात. जखमी असेल तर तो सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये जातो. वन विभागाच्या या केंद्रात वन्यप्राण्यांवर उपचार होतात आणि बरे झालेले जंगलात परत जातात. धडधाकट साप नोंद करून सोडायचा असतो. घरच्यांची इच्छा असते की "लांब, पार पेंचमध्ये सोडा". पण अनोळखी मुलखात सोडलेला साप लपायच्या जागा, पाणी, शिकार शोधत भटकत राहतो, आणि तशात पुष्कळ मरतात. म्हणून शक्य तितका त्याच परिसरातला, वस्तीपासून सुरक्षित अंतरावरचा झाडोरा आम्ही निवडतो. हे ऐकल्यावर घरच्यांच्या कपाळावर आठी पडते. तेव्हा मी त्यांना पुन्हा मोरीजवळ नेते. हा साप मी कितीही लांब नेला तरी बिळात उंदीर आहेत आणि भिंतीत फट आहे, तोवर रिकामी झालेली जागा दुसरा घेणारच. पकडण्यानं एक रात्र सुटते. वाट बंद केल्यानं घर सुटतं.

आणि एकट्या घराला हे पुरत नाही. माझं अंगण स्वच्छ, पण शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गवत माणूसभर. प्लॉटमालक पुण्याला किंवा अमेरिकेत. बेलतरोडीकडच्या एका लेआउटमध्ये बायकांच्या भिशीनंच हे काम हाती घेतलं. मालकांचे नंबर मिळवले, पावसाळ्याआधी गवत कापायचा खर्च त्यांच्याकडून मागवला, उरलेलं अन्न प्लॉटवर टाकायचं बंद केलं, आणि कचऱ्याची गाडी वेळेवर यावी म्हणून पाठपुरावा केला. त्यांनी मला एका भिशीला बोलावलं होतं. तिथे मी सापांची चित्रं दाखवली आणि वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये साठवून घेतली.

त्या लेआउटमधून फोन अजूनही येतात. पण आता त्या आधी पत्ता सांगतात, मग लांबून काढलेला फोटो पाठवतात, आणि विचारतात, "ताई, धामण वाटते. फाटकाकडं चालली आहे. जाऊ देऊ ना?" मी फोटो नीट पाहते आणि सांगते, "हो, जाऊ द्या." अशा फोनला मला घरून निघावंसुद्धा लागत नाही. असे फोन नागपूरच्या प्रत्येक लेआउटमधून यावेत, एवढ्यासाठी मी हे काम करते.